हिवाळ्याची पहाट आणि चाकांतील हवा

दिवाळी सरली आणि कापसाची वेचणी रंगांत आली म्हणजे आपल्या भागांत थंडी जाणवूं लागते. त्याच सुमारास, ज्यांच्या घरीं नव्या बनावटीची मोटार आहे अशा पुष्कळ शेतकरी बंधूंची एकच तक्रार ऐकूं येते. पहाटें नागपूरला किंवा वर्ध्याला जाण्यासाठीं गाडी सुरू केली कीं, समोरच्या मीटरमध्यें एक पिवळा दिवा लागतो. त्याची आकृति घोड्याच्या नालासारखी असून मध्यें उद्गारचिन्ह असतें. उतरून पाहावें तर चारहि चाकें डोळ्यांस ठीक दिसतात. तसेंच पुढें निघावें, तर केळझरहून सेलू गांठेपर्यंत दिवा आपोआप विझतो. दुसऱ्या दिवशीं पहाटें पुन्हां तोच प्रकार.

यावरून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात, तो हा कीं, सेन्सर बिघडला. मग कोणी त्या दिव्याकडे पाहणेंच सोडून देतो. कोणी नवा सेन्सर बसविण्याच्या खर्चांत पडतो. कोणी थंडींत असें व्हावयाचेंच म्हणून गप्प बसतो. हे तिन्ही मार्ग चुकीचे आहेत. पहाटें लागून ऊन वर येतांना विझणारा हा दिवा बहुधा खरेंच सांगत असतो, आणि तो विझला म्हणजे चाकांत हवा भरली गेली असें मुळींच होत नाहीं. हें कसें, आणि त्यावर जवळजवळ बिनखर्चाचा उपाय कोणता, तें या लेखांत सांगावयाचें आहे. ज्यांच्या घरीं मोटार नसून नुसता ट्रॅक्टर व ट्रॉली आहे, त्यांसहि हा विषय तितकाच लागू आहे. किंबहुना थोडा अधिकच, हें पुढें दिसून येईल.

थंडीनें दाब कां उतरतो?

चाक ही एक बंद कोठी आहे आणि तींत हवा कोंडलेली आहे. हवा तापली म्हणजे ती कोठीच्या भिंतींस अधिक जोरानें रेटा देते, व निवली म्हणजे तो रेटा कमी होतो. हवेचा एक कणहि बाहेर न जातां केवळ थंडीनें दाब उतरतो तो यामुळें. गियोम आमोंतों या फ्रेंच शास्त्रज्ञानें सन १७०० च्या सुमारास हा संबंध प्रयोगानें दाखविला होता. जॉन बॉइड डनलप यानें हवेच्या रबरी चाकाचें पेटंट घेतलें तें १८८८ सालीं. म्हणजे डनलपच्या पेटंटापूर्वीं जवळजवळ दोनशें वर्षें हा नियम माहीत होता. मोटारीचा कोणताहि कारखाना तो बदलूं शकत नाहीं.

याचा हिशेब सोपा आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या लागतात. पहिली, हवा मोजण्याचा काटा बाहेरील वातावरणापेक्षां चाकांतील दाब किती अधिक आहे तेवढेंच दाखवितो. बाहेरील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें साडेचौदा पौंड धरला, तर काटा ३३ दाखवितो तेव्हां चाकांतील एकंदर दाब साडेसत्तेचाळीस पौंड असतो. दुसरी गोष्ट, उष्णतामान शतांश अंशांत घेऊन त्यांत २७३ मिळवावे लागतात, आणि दाब त्या बेरजेच्या प्रमाणांत कमी-अधिक होतो.

आतां आपल्याकडील उदाहरण घ्यावें. ऑक्टोबरांत ३४ अंश उष्णता असतां कोणी चाकांत ३३ पौंड हवा भरली. डिसेंबरांत एके पहाटें पारा १० अंशांवर आला. साडेसत्तेचाळीसांस २८३ नीं गुणून ३०७ नें भागिलें असतां ४३.८ येतात, त्यांतून साडेचौदा वजा जातां काट्यावर २९.३ राहतात. चाकास कोठेंहि भोंक नाहीं, व्हॉल्व्ह गळत नाहीं, तरी पावणेचार पौंड हवा उतरली असें काटा दाखवितो. ज्यांस हा गुणाकार-भागाकार नको असेल त्यांनीं इतकेंच लक्षांत ठेवावें कीं, मोटारीच्या चाकांत दर सहा अंश उष्णतेमागें सुमारें एक पौंड दाब उतरतो किंवा चढतो.

आपला वर्धा जिल्हा समुद्रापासून फार दूर आहे. हिवाळ्यांत आकाश निरभ्र असतें. दिवसा जमीन चांगली तापते आणि रात्रीं तितक्याच झपाट्यानें निवते. त्यामुळें दुपार व पहाट यांत पंधरा अंशांचें अंतर पडणें ही येथें नवलाची गोष्ट नव्हे. २९ डिसेंबर २०१८ रोजीं नागपुरास ३.५ अंश इतकें कमी उष्णतामान नोंदलें गेलें होतें. वरील उदाहरणांतील चाक त्या पहाटें उघड्यावर उभें असतें, तर काटा २८ च्या किंचित् वर थांबला असता. ज्यांच्या हरभऱ्याचीं व तुरीचीं पिकें अशा थंडीनें करपलेलीं आहेत, त्यांस चाकांतील हवेवर तिचा परिणाम होतो याचें आश्चर्य वाटूं नये.

दुपारीं भरलेली हवा

केवळ ऋतु बदलल्यामुळें जें होतें तें वर सांगितलें. परंतु एवढ्यानें तो पिवळा दिवा बहुधा लागत नाहीं. तो लागतो तो आपल्या हवा भरण्याच्या पद्धतीमुळें.

आपल्याकडे हवा केव्हां भरली जाते? नागपुराहून परत येतांना, भर दुपारीं, पंपावर गाडी थांबली म्हणजे. त्या वेळीं गाडी चाळीस-पन्नास किलोमीटर धांवलेली असते. डांबराच्या रस्त्याशीं घासून आणि दर फेऱ्यास दबून-फुगून टायर तापलेला असतो, वरून ऊन असतें. आंतील हवा ५० अंशांपर्यंत तापली असल्यास त्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. अशा वेळीं पंपावरील मुलगा विचारतो, "किती भरूं?" आपण सांगतों, "तेहतीस." तो तेहतीस भरतो, काटा तेहतीस दाखवितो, आणि आपण निर्धास्तपणें घरीं येतों.

आतां तेंच चाक दुसऱ्या दिवशीं पहाटें ८ अंश थंडींत तपासावें. वरच्याच हिशेबानें तेथें २७ देखील भरत नाहींत. पौंडाचा थोडा अंश कमीच येतो. म्हणजे कागदोपत्रीं ३३ आणि प्रत्यक्षांत २७. शिवाय कोणत्याहि चांगल्या टायरांतून महिन्यास एक-दोन पौंड हवा रबरांतून व सांध्यांतून आपोआप झिरपत असते. महिना-दीड महिना हवा पाहिली नाहीं, तर पहाटेचा काटा चोविसाच्या घरांत येतो आणि दिवा लागतो. मग गाडी चालूं लागली, टायर पंधरा-वीस अंश तापला, कीं दाब पुन्हां तीन पौंड चढून सत्ताविसाच्या आसपास येतो व दिवा विझतो. दिवा विझला, पण मोटारीस हवी होती ३३ ची हवा, आणि तीहि थंड चाकांत! गरम चाकांत २७ म्हणजे मूळची तूट जशीच्या तशी कायम आहे.

मोटार बनविणारे जो आंकडा देतात तो थंड चाकाचा असतो, हें या सर्व घोटाळ्याचें मूळ आहे. थंड चाक म्हणजे बर्फासारखें गार चाक नव्हे. निदान तीन तास न चाललेलें आणि उन्हांत न तापलेलें चाक. हा आंकडा चालकाच्या बाजूचें दार उघडलें असतां खांबावर चिकटविलेल्या पट्टीवर छापलेला असतो; कांहीं गाड्यांत तो इंधनाच्या टाकीच्या झांकणाच्या आंत असतो. एकटा चालक असतां किती आणि पांच माणसें व सामान असतां किती, असे दोन आंकडे पुष्कळ पट्ट्यांवर दिलेले असतात. टायरच्या कडेवर कोरलेला मोठा आंकडा मात्र भरावयाचा नसतो. त्याच्या पलीकडे जाऊं नये अशी ती मर्यादा आहे.

दिवा केव्हां लागतो?

या दिव्याचा इतिहास फार जुना नाहीं. अमेरिकेंत सदोष टायरांमुळें मोठे अपघात झाल्यानंतर २००० सालीं तेथें कायदा झाला, आणि १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या सर्व हलक्या मोटारींस हा दिवा सक्तीचा करण्यांत आला. युरोपांत १ नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीस तो लागू झाला. आपल्या देशांत २०२० सालीं केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, ज्या मोटारींत ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी ही योजना आणि पंक्चर बुजविण्याचें साहित्य दिलें असेल, तींत स्टेपनी न देण्याची कारखानदारांस मुभा मिळाली. ज्यांच्या गाडींत स्टेपनी नाहीं, त्यांनीं तर या दिव्याची उपेक्षा करणें म्हणजे घराचा कडीकोयंडा काढून ठेवून शिवाय कुत्र्यासहि हांकलून देण्यासारखें आहे.

अमेरिकेच्या नियमाप्रमाणें ठरलेल्या दाबांत चौथाई घट झाली म्हणजे हा दिवा लागलाच पाहिजे. ३३ पौंडांच्या चाकांत चौथाई म्हणजे सव्वाआठ पौंड. अर्थात् २६ पौंडांवर दिवा लागला नाहीं, तरी तो नियमाप्रमाणेंच वागत असतो. हा मुद्दा महसुली भाषेंत सांगितला तर आपल्या वाचकांस चटकन् पटेल. पिकाची पैसेवारी पन्नासाच्या आंत आली म्हणजे टंचाईची परिस्थिति मानली जाते. म्हणून एक्कावन पैसेवारीच्या गांवांत पीक भरघोस आलें, असें कोणी शेतकरी म्हणेल काय? एक्कावन आणि एकोणपन्नास यांत शेताच्या दृष्टीनें भेद नाहीं. भेद आहे तो कागदावरच्या रेघेचा. पिवळ्या दिव्याचें तसेंच आहे. तो लागला म्हणजे तूट रेघेच्या खालीं गेली. विझला म्हणजे ती रेघेच्या किंचित् वर आली. भरपाई झाली असा त्याचा अर्थ कदापि होत नाहीं.

सेन्सरच्या दोन जाती

सर्व मोटारींतील सेन्सर एकाच जातीचे नसतात, आणि हा भेद आपल्या गाडीपुरता प्रत्येकानें माहीत करून घेतला पाहिजे.

पहिल्या जातींत प्रत्येक चाकाच्या आंत, व्हॉल्व्हच्या बुडाशीं, एक लहानसें यंत्र बसविलेलें असतें. तें आंतील दाब प्रत्यक्ष मोजतें आणि बिनतारी संदेशानें मीटरकडे पाठवितें. अशा पुष्कळ गाड्यांत प्रत्येक चाकाचा आंकडा वेगळा पाहतां येतो. या यंत्रांत एक बंद बॅटरी असते. ती साधारणतः पांच ते दहा वर्षें टिकते, आणि संपली म्हणजे बहुधा संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो. कोणत्याहि बॅटरीचा जोर थंडींत कमी पडतो. म्हणून म्हातारा झालेला सेन्सर हिवाळ्याच्या पहाटें प्रथम दगा देतो. मात्र त्या वेळीं दिव्याची भाषा निराळी असते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर किंवा थोडा अधिक वेळ उघडझांप करतो आणि मग स्थिर राहतो. उघडझांप म्हणजे यंत्रणेंत बिघाड. आरंभापासून स्थिर दिवा म्हणजे हवा कमी. एवढा एक भेद ओळखला, तरी चांगला सेन्सर फुकट बदलण्याचा खर्च वांचेल.

दुसऱ्या जातींत चाकाच्या आंत कांहींच नसतें. ब्रेकच्या यंत्रणेसाठीं प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जातातच. ज्या चाकांत हवा कमी तें किंचित् बसकें होतें, त्याचा घेर लहान पडतो, आणि तितक्याच अंतरांत त्याचे फेरे अधिक होतात. त्यावरून संगणक अनुमान काढतो. ही योजना स्वस्त व टिकाऊ आहे, परंतु तिचा एक दोष हिवाळ्यांतच उघड होतो. ती मुख्यतः एका चाकाची दुसऱ्याशीं तुलना करते. एका चाकास खिळा लागला तर ती बरोबर ओळखते. पण थंडीनें चारहि चाकांतील हवा सारखीच उतरली, तर तुलनेंत फरक दिसत नाहीं आणि दिवा लागत नाहीं. अशा गाडीच्या धन्यानें, माझा दिवा लागत नाहीं म्हणून माझी हवा ठीक आहे, असें समजूं नये. शिवाय हवा भरल्यानंतर गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें यंत्रणा रीसेट करावी लागते. कमी हवेवरच रीसेट केलें, तर तीच कमी हवा बरोबर, असें यंत्र समजून चालतें.

तुटीचा धोका

थंडींत टायर फुटत नाहीं, अशी एक समजूत आहे. तींत थोडें तथ्य आहे, आणि तेवढ्यानेंच ती फसवी झाली आहे. बाहेरच्या उन्हानें टायर तापतो हें खरें. परंतु कमी हवेनें तो त्याहून अधिक तापूं शकतो. हवा कमी असली म्हणजे टायरची कड दर फेऱ्यास अधिक मुडपते. लोखंडाची तार पुढें-मागें वांकवीत राहिलें असतां वांकाच्या जागीं ती गरम होते व शेवटीं तुटते, हें सर्वांनीं पाहिलेलें आहे. टायरच्या कडेंत नेमकें तेंच घडतें. वेग जितका अधिक, वजन जितकें अधिक आणि प्रवास जितका लांब, तितकी ही उष्णता सांचत जाते. थर सुटतात, आणि टायर एकाएकीं फाटतो.

गांवच्या रस्त्यावर ताशीं चाळीस किलोमीटरनें जातांना ही तूट एक वेळ खपून जात असे. आतां परिस्थिति बदलली आहे. समृद्धि महामार्ग आपल्या जिल्ह्यांतून जातो, आणि सेलडोह व येळाकेळी येथून त्यावर चढतां येतें. नागपूर ते शिरडी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं, म्हणजे ऐन हिवाळ्यांत, खुला झाला. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पुरा झाला. सिमेंटचा सरळ रस्ता, मोटारीस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा, आणि तासन् तास वेग कमी करण्याचें कारण नाहीं. पहाटें पांच वाजतां घरची पांच-सहा माणसें व सामान घेऊन शिरडीस निघालेली गाडी जर २७ पौंडांवर धांवूं लागली, तर जी तूट सेलूच्या बाजारापर्यंत कळली नसती तीच तेथें जिवावर बेतते. या मार्गावरील अपघातांच्या बातम्यांत टायर फुटल्याचें कारण वारंवार वाचावयास मिळतें. त्यांतील प्रत्येक अपघात हवेमुळेंच झाला असें म्हणतां येणार नाहीं. जुने व झिजलेले टायर, अति वेग आणि चालकास आलेली झोंप हींहि कारणें आहेतच. परंतु हवा ही त्यांतील सर्वांत स्वस्तांत दूर होणारी बाब आहे.

जीव जातो तेव्हां तर मोल सांगतांच येत नाहीं; पण जीव जात नाहीं तेव्हांहि पैसा जातोच. हवा कमी असली म्हणजे टायरच्या दोन्ही कडा अगोदर झिजतात, मधला पट्टा तसाच राहतो, आणि इंधन अधिक जळतें. अति हवेनें याच्या उलट मधला पट्टा झिजतो व ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. टायरच्या झिजेवरून त्याच्या धन्याची संवय वाचतां येते.

ट्रॅक्टर, ट्रॉली आणि बंडी

ट्रॅक्टरला असा दिवा सहसा नसतो, म्हणून त्याची काळजी डोळ्यांवर आणि बुटाच्या लाथेवर सोंपविली जाते. वास्तविक थंडीचा फटका प्रमाणानें पाहतां ट्रॅक्टरच्या मागील चाकासच अधिक बसतो. कारण असें कीं, त्यांत मुळांत दाबच थोडा असतो. ३४ अंशांत भरलेली १२ पौंडांची हवा १० अंशांवर सुमारें १० पौंड राहते. म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा गेला. मोटारीच्या ३३ पौंडांतून त्याच थंडीनें नववा हिस्सा जातो. ट्रॉलीच्या चाकांत ८० पौंड असतील तर ते साडेबहात्तर होतात. तेथें प्रमाण लहान दिसलें तरी वर कापसाचा किंवा गव्हाचा बोजा असतो, हें विसरूं नये.

शेतांत नांगरटीच्या वेळीं मागील चाकांत थोडी कमी हवा असणें फायद्याचें असतें. पकड चांगली येते आणि जमीनहि कमी दबते. परंतु त्याच हवेवर भरलेली ट्रॉली ओढीत पक्क्या रस्त्यानें सिंदीच्या किंवा हिंगणघाटच्या बाजारास जाणें निराळें. कमी हवेंत टायर रिमवर हळूहळू सरकतो, आणि ट्यूब असलेल्या चाकांत तिचा व्हॉल्व्ह तिरपा होऊन मुळाशीं फाटतो. बाजाराच्या दिवशीं भर रस्त्यांत ट्रॉली बसते ती पुष्कळदां या कारणानें. व्हॉल्व्ह तिरपा दिसला कीं हवा कमी आहे असें समजावें. ज्यांनीं वजनासाठीं मागील चाकांत पाणी भरलें आहे, त्यांसहि हा नियम चुकत नाहीं. पाण्यावरची हवा तितकीच निवते. अशा चाकाचा दाब व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणूनच मोजावा. रबरी चाकांच्या बंडीसहि हेंच लागू आहे. हवा उतरलेली बंडी बैलांस किती जड जाते, तें बैल सांगूं शकत नाहींत. धन्यानेंच तें ओळखलें पाहिजे.

चाकांत नायट्रोजन भरला म्हणजे थंडी बाधत नाहीं, असेंहि कांहीं दुकानांतून सांगितलें जातें. नायट्रोजन कोरडा असतो व थोडा सावकाश झिरपतो, एवढा लाभ खरा. परंतु साध्या हवेंतच तो शेंकडा ७८ असतो, आणि थंडीनें आक्रसण्याचा नियम दोघांसहि एकच आहे. त्याकरितां पैसे मोजले तरी काटा लावण्याचें काम चुकत नाहीं.

उपाय

आतां प्रत्यक्ष काय करावें तें क्रमानें सांगतों.

पहिलें, हवा मोजण्याचा एक बरा काटा घरीं ठेवावा. तो कांहीं शंभर रुपयांत मिळतो. गाडीच्या विजेवर चालणारा लहान पंप घेतां आला तर फारच उत्तम, कारण मग थंड चाकांत घरच्या घरीं हवा भरतां येते.

दुसरें, दर महिन्यास एकदां आणि थंडीची पहिली लाट येतांच, सकाळीं गाडी हालविण्यापूर्वीं, चाकांवर ऊन पडण्यापूर्वीं, चारहि चाकें व स्टेपनी मोजावी. लांबच्या प्रवासाच्या आदल्या सकाळीं तर हें चुकवूंच नये. पट्टीवरील आंकडा ३३ असेल तर ३३ च भरावी. थंडी म्हणून मनानें अधिक किंवा कमी भरूं नये. थंड चाकांत मोजणें हाच थंडीचा हिशेब आहे.

तिसरें, चालून गरम झालेल्या चाकांतच पंपावर हवा भरण्याची पाळी आली, तर ठरलेल्या आंकड्यापेक्षां तीन-चार पौंड अधिक भरावी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरीं तपासून कमी-अधिक करावी.

चौथें, प्रवासांत चाक गरम होऊन काटा चार-पांच पौंड अधिक दाखवूं लागला, तर भिऊन हवा सोडूं नये. ती वाढ कारखानदारानें धरलेलीच असते. गरम चाकांतून सोडलेली हवा दुसऱ्या पहाटें तूट होऊन समोर येते. उलट, जानेवारीच्या पहाटें बरोबर भरलेली हवा एप्रिल-मे मध्यें थंड चाकांतहि अधिक भरते. म्हणून होळीच्या सुमारास पुन्हां सकाळीं मोजून ती आंकड्यावर आणावी.

पांचवें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें, हे आंकडे एका वहींत तारखेवार लिहून ठेवावे. एका ओळींत चार चाकें, एवढेंच. या वहीचा उपयोग असा: थंडी चारहि चाकांतून सारखीच वसुली करते, आणि खिळा किंवा गळका व्हॉल्व्ह एकाच चाकांतून. तीन चाकें २९ वर असून चौथें २४ वर असेल, तर तो दोष थंडीच्या माथीं मारूं नये. त्या चाकास पंक्चर आहे. दोन महिन्यांच्या नोंदी असल्या तर हें पंक्चरवाल्याने सांगण्यापूर्वींच आपणांस कळतें. नोंद नसली तर थंडीच्या नांवावर पंक्चर लपतें, आणि धोका खरा तेथेंच असतो.

पंक्चरच्या दुकानांत जातांना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. चाकाच्या आंत सेन्सर असल्यास टायर उतरविण्यापूर्वींच तसें सांगावें; पहार व्हॉल्व्हजवळ घातली गेली तर सेन्सर मोडतो. पंक्चर बुजविणारें पातळ औषध भरावयाचें झाल्यास तें सेन्सरला चालणारें आहे किंवा नाहीं, हें आधीं विचारावें. अन्यथा त्याचें बारीक छिद्र बंद होऊन दिवा खरोखरच खोटें बोलूं लागतो. व्हॉल्व्हवर टोपी नेहमीं असावी, व ती प्लास्टिकची असावी. धातूची टोपी गंजून व्हॉल्व्हला चिकटते आणि काढतांना नुकसान होतें.

एवढें सर्व केल्यावरहि एखाद्या पहाटें दिवा लागलाच, तर उतरून चारहि चाकांस काटा लावावा. चारहि सारखीं उतरलीं असतील, तर हवा भरून निघावें. एकच उतरलें असेल, तर तें दुरुस्त झाल्याशिवाय महामार्गावर चढूं नये. आणि चारहि चाकें आंकड्याबरोबर असून दिवा तरीहि जळत असेल, तर मग खुशाल सेन्सरवर संशय घ्यावा व कारागिराकडे जावें. या क्रमानें गेलें असतां काम दहा मिनिटांचें आहे. शिरडीच्या वाटेवर तीं दहा मिनिटें कोठेंहि भरून निघतील. फाटलेला टायर मात्र वाटेंत भरून निघत नाहीं.